मशीन रूमची आंधळी कोशिंबीर

कृष्णात मगदूम व्हॉल्व्ह बंद केल्यावर लगेच दूर होत नाही. पाइपावर पालथा हात ठेवतो, श्वास रोखून थांबतो. आतला प्रवाह खरंच थांबला अशी खात्री पटली की मगच हात काढतो. हे मी त्याला शिकवलेलं नाही. आपण अमोनियाच्या गॅसजवळ काम करतो आणि गॅस कोणाची ओळख ठेवत नाही, एवढंच मी सांगितलं होतं. बाकीचं तो भीतीकडून शिकला.

बंगळुरात यशवंतपूरच्या बाजारामागे बटाट्यांचं एक शीतगृह आहे. तिथल्या मशीन रूममध्ये मी फिटर होतो. सगळे मला मेस्त्री म्हणायचे, निवृत्त झालो तरी म्हणतात. कृष्णात निपाणीकडच्या खेड्यातून आला तेव्हा तो यार्डात पोती वाहायचा. बाकीचे पोतं टाकून वळायचे. हा टाकलेलं पोतं नीट बसलं का ते बघायला मागे यायचा, म्हणून मुकादमाच्या शिव्या खायचा. मी त्याला मशीन रूममध्ये घेतला. पोत्याकडे मागे वळून बघणारा माणूस व्हॉल्व्हकडेही बघेल, एवढाच माझा हिशोब.

तो सातवीपर्यंत शिकलेला. घरात मराठी, बाजारात कानडी, बिहारच्या हमालांशी हिंदी. तिन्ही भाषांत भांडण निभावून नेईल इतका तयार. पण इंग्रजी बोलणारा माणूस समोर आला की त्याचे खांदे वर जायचे आणि मान आत जायची. तोंडातून एकच निघायचं, "यस सर, ओके सर."

याला मी हसत नाही. आम्ही सगळे तसेच वाढलो. वरच्या माणसानं काही विचारलं तर होकार द्यायचा. कळलं नसेल तरी द्यायचा. "काय म्हणालात?" असं विचारलं तर आपण मठ्ठ ठरतो, किंवा उद्धट ठरतो. मग साहेब निघून गेले की चौघं मिळून, ते काय म्हणाले असतील, याचा अंदाज बांधायचा. साहेब समोर उभा असायचा तोवर हे खपून गेलं. तो हातवारे करायचा, बोटानं दाखवायचा.

मग शीतगृह एका मोठ्या कंपनीनं घेतलं. साहेब मशीन रूममधून गेले आणि मारतहळ्ळीला काचेच्या इमारतीत बसले. मीटरचे काटे तिथून दिसू लागले, काही व्हॉल्व्हही तिथूनच उघडू लागले. आमच्याकडे आला तो फक्त आवाज. फोनवर आज तमिळ माणूस, उद्या बंगाली, परवा मल्याळी. म्हणून नियम झाला, कंट्रोल रूमशी बोलणं इंग्रजीत.

एका दुपारी फोन आला. शीतखोलीतल्या नळ्यांवर बर्फ साचलं होतं, ते वितळवायला कंट्रोल रूम गरम गॅस सोडणार होती. खोली रिकामी आहे का, एवढंच ते विचारत होते. कृष्णातला एक अक्षर कळलं नाही.

"यस सर, ओके सर," तो म्हणाला.

खोलीत सकवारबाई बटाटे निवडत होती. नळीचा एक जुना सांधा दाबाखाली सुटला. सकवारबाई तोंडावर पदर दाबून, भिंत चाचपत बाहेर आली तेव्हा तिचे डोळे उघडत नव्हते. कृष्णातनं तिला नळाखाली बसवलं आणि तो तिचे डोळे धूत राहिला. तिला दिसायला लागल्यावरही तो धुतच होता. शेवटी तिनंच त्याचा हात धरला.

"बास की आता. बुडवून मारतोस काय मला?"

ती बरी झाली. डोळे अजून चुरचुरतात, पण कामावर येते. एकदा मला म्हणाली, "मेस्त्री, माझं डोळं सुधारलं. त्या मानसाचं डोळं बघा जरा. फोन वाजला की मेल्यागत हुतोय."

खरं होतं. फोन वाजला की तो आधी शीतखोल्यांकडे पळायचा, दारं उघडून आत हाका मारायचा आणि मग धापा टाकत फोन उचलायचा. तोवर कंट्रोल रूम चिडलेली असायची. घरी त्याची बायको महानंदा सांगायची, "जेवताना ह्यांचा घास हातात राहतोय. काय झालं म्हणलं तर म्हणतेत, कुणी आत राहिलंय का बघून येतो."

कंपनीनं चौकशी केली. सुरक्षेचे मोठे साहेब होते सेल्वराज म्हणून, मदुरैकडचे. त्यांना तमिळ आणि इंग्रजी येत होतं, बस्स. त्यांनी मॅनेजरच्या तोंडून सांगितलं, की उगादीच्या, म्हणजे पाडव्याच्या, आधी कवायत होईल. डोळ्यांवर पट्टी बांधलेला एक माणूस मशीन रूमच्या टोकाला उभा राहील. गॅस सुटलाय आणि काही दिसत नाही, असं धरायचं. ऑपरेटरनं केबिनच्या खिडकीमागून, वॉकीटॉकीवर, इंग्रजीत बोलून त्याला दारापर्यंत आणायचं. ज्याला जमणार नाही त्याला मशीन रूममधून काढून यार्डात घालतील.

यार्ड म्हणजे पोती. कृष्णातच्या कमरेचा मणका सरकलेला आहे. पण त्याला पोत्यांची भीती नव्हती.

"मेस्त्री," तो मला म्हणाला, "नापास झालो तर यार्डात जातो, मरतोय कशाला. पण पास झालो, आन मग एखाद्या दिवशी खरंच गॅस सुटला, आन माझं तोंड असंच मिटलं तर? आत मानूस असंल की हो."

मी म्हटलं, "मग तोंड उघडायला शीक. रडून काय होणार?"

शीक म्हणणं सोपं. कुठे, हा प्रश्न होता. आमच्या गल्लीतली शालन मारतहळ्ळीच्या एका ऑफिसात साफसफाईचं काम करते. जिभेची धारदार. तिनं सांगितलं, मराठी समाजाच्या सभागृहात दर रविवारी एक बाई मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते, ती स्वतः जाते. कृष्णात एकटा जाईना. दारापर्यंत सोडतो म्हणून मी गेलो आणि मलाही आत ओढलं गेलं.

शिकवणारी पवित्रा. तिचं घराणं कित्येक पिढ्यांपासून बंगळुरातलं. तिच्या मराठीत निम्मं कानडी. शाळेत शिक्षिका आहे. मला वाटलं होतं फळा असेल, बाकं असतील. फरशीवर खडूनं ठिकरीच्या खेळासारखे तीन चौकोन आखलेले होते. काल, आज, उद्या. कंडक्टर, शिंपी, सुरक्षारक्षक, अशी पिकल्या केसांची माणसं एका पायावर त्या चौकोनांत उड्या मारत होती आणि ज्या चौकोनात पाय पडेल त्या काळातलं वाक्य ओरडत होती. काल मी गेलो. उद्या मी जाईन. चुकलं तर परत पहिल्यापासून.

मला ते पटलं नाही. घाम गाळायचा तर कामात गाळावा. मी पवित्राला तसं म्हटलं.

"मेस्त्री अण्णा, स्वल्प बसा," ती म्हणाली. "यांना व्याकरण पाठ आहे. शाळेत मार खाऊन पाठ केलेलं. बोलायची वेळ आली की तो मार आधी आठवतो. लंगडी घालताना आठवत नाही. पडू नये इकडे लक्ष असतं."

शालन तिकडून ओरडली, "मेस्त्री, तुमच्या गुडघ्याला भ्या वाटतंय म्हणून सांगा की सरळ!"

मी बसलो. बघितलं. तासाभरात शिंप्याचा सदरा पाठीला चिकटला होता आणि एक वाक्य त्यानं पुन्हा पुन्हा म्हणून बरोबर केलं होतं. कष्ट मला ओळखता येतात. पुढच्या रविवारी मीही आलो.

कृष्णातला मात्र लंगडी घालतानाही मार आठवत होता. चौकोनात उभा राहून तो घाम पुसायचा आणि "यस मॅडम" म्हणायचा. लोक हसले तर तोही हसायचा. त्याचं ते हसू बघवत नव्हतं.

पवित्राला मी कवायतीचं सांगितलं. ती पुढच्या रविवारी ओढणी घेऊन आली. आंधळी कोशिंबीर. एकाच्या डोळ्यांवर पट्टी, दुसरा कोपऱ्यात उभा. खुर्च्या, बादल्या, चपला वाटेत टाकलेल्या. कोपऱ्यातल्यानं इंग्रजीत सांगायचं आणि पट्टीवाल्यानं तसं चालायचं. थांब, डावीकडे वळ, समोर खुर्ची आहे, तुझ्या मागे बादली आहे. पट्टीवाल्यानंही इंग्रजीतच प्रश्न विचारायचे. हात लावायचा नाही. मराठीचा एक शब्द निघाला तर बाद.

कृष्णातनं आज्ञा भराभर पाठ केल्या. घरी महानंदाच्या डोळ्यांवर टॉवेल बांधून तिला स्वयंपाकघरातून बाहेर आणायचा. तिनं दोनदा कपाळ आपटलं आणि मला येऊन सांगितलं, "मेस्त्री, ह्यांचं इंग्रजी सुधारंस्तवर मी शिल्लक राहती का बघा." पण ती रोज टॉवेल बांधून घ्यायची.

आज्ञा जमल्या. तरी भीती जिथल्या तिथे होती. आज्ञा आपण ठरवून देतो. समोरच्यानं काही विचारलं की तो पुन्हा पहिल्यासारखा व्हायचा. खांदे वर, मान आत, "ओके, ओके." मला ते दिसत होतं. पवित्रालाही दिसत असणार.

मग तो रविवार आला. पट्टी कृष्णातच्या डोळ्यांवर होती आणि वाट शालन दाखवत होती. सभागृहाला एका बाजूला ओसरी आहे. ओसरीवरून अंगणात उतरायला दगडी पायऱ्या आहेत. शालननं त्याला खुर्च्यांतून झकास काढलं, बादलीला वळसा घालून ओसरीवर आणलं. तिथे वारा लागला तसा तो थांबला. पायानं फरशी चाचपली. मग नीट, शब्द शब्द जुळवून त्यानं इंग्रजीत विचारलं, "पुढे पायरी आहे का?"

"ओके," शालन म्हणाली.

त्यानं पाय टाकला. पायरी होती. तो आडवा होऊन अंगणात पडला. हनुवटी दगडाला लागली, ओठ फाटला.

आम्ही धावलो. शालनचा चेहरा पांढरा झाला होता. "मला कळलंच न्हाई रं त्यो काय म्हणला ते," ती मला सांगत होती, पवित्राला सांगत होती, सगळ्यांना सांगत होती. "ऑफिसात मॅडम काय बोलल्या की मी ओके म्हणती. तसंच निघालं तोंडातनं. कृष्णातदादा, देवाशपथ, कळलंच न्हाई मला!"

कृष्णात पायरीवर बसला होता. पट्टी गळ्यात आली होती, तिच्यावर रक्त ठिबकत होतं. तो शालनवर चिडला नाही. थरथरत होता. तापात माणूस थरथरतो तसा. मी खांद्यावर हात ठेवला तर म्हणाला, "मेस्त्री, मला वाटलं पुढं सपाट हाय. ती म्हणली म्हणून मला खरंच सपाट दिसलं." थोड्या वेळानं म्हणाला, "कंट्रोल रूमला बी खोली अशीच रिकामी दिसली असंल, आन आत सकवारबाई."

पवित्रानं त्या दिवशी खेळ तिथेच थांबवला. तिनं बोटांतला खडू खाली ठेवला. मग म्हणाली, "सरी, ठीक. चूक माझी पण आहे. तुम्हाला मी उत्तर द्यायला शिकवलं. उत्तर येत नसेल तर काय म्हणायचं ते शिकवलंच नाही."

तिनं नवा नियम केला. ओके म्हणायचं नाही. जो म्हणेल त्याच्यावर पट्टी. आणि ज्याला समजलं नाही त्यानं हात वर करून, मोठ्यानं, इंग्रजीत सांगायचं, "मला समजलं नाही." जो सांगेल त्याच्यासाठी सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या आणि त्याला शेंगदाण्याच्या चिक्कीचा एक तुकडा द्यायचा.

मला वाटलं, आता चिक्की संपणार. संपली नाही. पहिल्या दिवशी कोणाचाही हात वर गेला नाही. एका पायावर नाचायला तयार झालेली माणसं, पण हे वाक्य उच्चारणं त्यांच्या जिवावर येत होतं. कंडक्टर मुद्दाम ओके म्हणून पट्टी बांधून घेत होता, पण समजलं नाही म्हणत नव्हता. मीही म्हटलं नाही. पवित्रानं मला काहीतरी विचारलं आणि मी शहाण्यासारखी मान हलवली.

"मेस्त्री," शालन म्हणाली, "काय कळलं ते जरा आम्हाला बी सांगा."

सगळे हसले. मला सांगता आलं नाही. हात वर करावा लागला. निवृत्त माणसाला ते वाक्य इतकं जड गेलं, तर ज्याच्या डोक्यावर साहेब आहे त्याला किती जात असेल.

कृष्णातचा हात वर गेला, पण आवाज निघाला नाही. पुढच्या रविवारी आवाज निघाला, पण पुटपुटल्यासारखा. पवित्रानं चिक्की दिली नाही. "मशीन चालू आहे असं समजा. मला ऐकू आलं नाही." त्यानं पुन्हा म्हटलं. पुन्हा नाही. शेवटी तो इतक्या जोरात ओरडला की अंगणातलं कुत्रं पळालं. टाळ्या झाल्या. त्यानं चिक्की खिशात ठेवली आणि घरी नेऊन महानंदाला दिली.

तेवढ्यानं माणूस निर्भय होतो असं कोणी समजू नये. कवायत जवळ आली तशी त्याची झोप उडाली. सकाळी भेटला की डोळे लाल. गॅस सुटलाय, वॉकीवर कोणीतरी इंग्रजीत ओरडतंय आणि आपल्या तोंडात कापूस आहे, असं स्वप्न त्याला पडायचं.

कवायतीच्या दिवशी मी तिथे होतो. जुन्या व्हॉल्व्हच्या कामाला कंपनी मला अजून बोलावते. सकाळी कृष्णातनं सगळी वाट स्वतः चालून पाहिली. मशीन रूमच्या मधोमध पाण्याची जमिनीखालची टाकी आहे, खोल आणि काठोकाठ भरलेली. तिच्यावर लोखंडी झाकण असतं. झाकणावर उभं राहून त्यानं पाय आपटला. मग तो केबिनमध्ये वॉकी तपासायला गेला.

मधल्या वेळात टाकीतला पंप नीट पाणी ओढेना. पंप बघणारा दयानंद, कृष्णातच्याच वयाचा, बरोबरीनं काम केलेला. त्यानं टाकी उघडली, आत वाकून पंपाची जाळी साफ केली. कृष्णातनं केबिनच्या दारातून त्याला पाहिलं.

"दयानंद, झाकण टाकलंस काय रं?"

कंप्रेसर चालू होता. दयानंदनं अंगठा वर केला. "ओके, ओके!"

कृष्णात आत वळला. मीही ते पाहिलं आणि मलाही काही खटकलं नाही. जन्मभर असेच अंगठे बघत आलो आहोत.

सेल्वराज साहेबांनी डोळ्यांवर पट्टी स्वतःच्याच बांधून घेतली. मजुराला आंधळा करून मशीनमध्ये चालवणार नाही, म्हणाले. मॅनेजर कंप्रेसर बंद करायला जाऊ लागला, तर साहेबांनी त्यालाही थांबवलं. मशीन चालू राहू दे, खऱ्या दिवशी चालूच असेल. आत दुसरं कोणी राहायचं नाही. माणूस फक्त आवाजावर बाहेर आला पाहिजे.

मी केबिनच्या दारात होतो. तिथून खिडकीपलीकडचं मला दिसत नव्हतं. मला दिसत होती कृष्णातची मान. कॉलर भिजली होती. वॉकी धरलेला हात त्यानं दुसऱ्या हातानं धरला होता.

"वॉक," तो म्हणाला. "स्लो." मग, "टर्न लेफ्ट." आवाज कापत होता पण शब्द बरोबर होते. पाइप समोर आहे. खाली वाका. आता सरळ. एकेक आज्ञा सभागृहातल्या खुर्च्यांसारखी सुटत होती. मला वाटलं, झालं. मी श्वास सोडला.

आणि कृष्णातची मान ताठ झाली.

काय दिसलं ते त्यानं मला नंतर सांगितलं. खिडकीतून साहेब छातीपासून वर दिसत होते, जमीन दिसत नव्हती. साहेबांच्या पलीकडे भिंत होती, आणि भिंतीला टेकून उभ्या केलेल्या लोखंडी झाकणाची वरची कड दिसत होती. झाकण भिंतीला आहे म्हणजे टाकीवर नाही. आणि साहेब बरोबर टाकीच्याच दिशेनं येत होते.

त्याच क्षणी वॉकी खरखरली. साहेब काहीतरी विचारत होते. इंग्रजीत, भरभर, लांबलचक. शेवटी स्वर वर गेला. प्रश्न होता.

कृष्णातचे खांदे वर गेले. मान आत गेली. मी ते अनेक वर्षं बघितलंय. पुढे काय येणार ते मला ठाऊक होतं. त्याचे ओठ गोल झालेसुद्धा. मला ओरडायचं होतं, पण का ओरडायचं तेच मला माहीत नव्हतं, आणि माझं ऐकू जाणारही नव्हतं.

"स्टॉप!" कृष्णात ओरडला. "स्टॉप! डोन्ट मूव्ह!" आणि मग, कुत्रं पळालं होतं त्या आवाजात, "आय डोन्ट अंडरस्टँड! आय डोन्ट अंडरस्टँड यू! डोन्ट मूव्ह!"

वॉकी खाली टाकून तो मशीन रूममध्ये पळाला. मी गुडघा सांभाळत मागून गेलो. साहेब जिथल्या तिथे उभे होते, एक पाय अर्धवट उचललेला. कृष्णातनं त्यांचा दंड धरला, मागे ओढलं, मग पट्टी काढली. साहेबांनी खाली बघितलं. पाणी काळं दिसत होतं. कंप्रेसरच्या धक्क्यानं त्यावर बारीक वळ्या उठत होत्या. साहेबांनी पाय खाली ठेवला आणि ते हळूच कंप्रेसरच्या कट्ट्यावर बसले. मॅनेजरनं मशीन बंद केलं. एकदम शांतता झाली, ती जास्त वाईट होती.

साहेबांनी काय विचारलं होतं ते मॅनेजरनं आम्हाला सांगितलं. "मी असाच पुढे येत राहू का?"

दयानंद दारात उभा होता. त्याच्या हातात ती जाळी तशीच होती. झाकण टाकायचं त्याला आठवत होतं, आणखी एकदा पंप चालवून बघून टाकणार होता, म्हणे. कंप्रेसरच्या आवाजात ऐकू आलं नाही, पण काहीतरी विचारलं एवढं कळलं, म्हणून अंगठा दाखवला.

साहेबांनी विचारलं, झाकण तपासायची जबाबदारी कोणाची. मॅनेजर भाषांतर करणार होता, पण हे कृष्णातला कळलं. त्यानं दयानंदकडे बघितलं नाही. मोडक्या इंग्रजीत तो म्हणाला, "माझी. मी विचारलं. तो ओके म्हणाला. मी विश्वास ठेवला. जाऊन बघितलं नाही."

साहेबांनी आधी झाकण टाकीवर टाकायला लावलं. मग त्यांनी मॅनेजरला सांगितलं, की कवायत पूर्ण झालेली नाही, पुन्हा होईल. तोवर मशीन रूममध्ये याच माणसाला ठेवा. यार्डाचा विषय काढू नका. उठताना त्यांनी कृष्णातच्या खांद्याला हात लावला. आधारासाठी होता की शाबासकीसाठी, मला सांगता येणार नाही.

मी कृष्णातला घरी सोडलं. वाटेत एका टपरीवर आम्ही चहाला थांबलो. मी त्याला म्हटलं, "थांबवलंस ते बरोबर. पण झाकण बघितलं नाहीस. पाइपावर हात ठेवून थांबतोस, मग माणसाच्या शब्दावर का वळलास?"

"व्हय," तो म्हणाला. "तेच तर."

सकवारबाईनं ऐकलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "ह्या बारीला तरी तोंड उघडलं म्हनायचं."

पुढच्या रविवारी कृष्णात दयानंदला सभागृहात घेऊन आला. दयानंद चौकोन बघून हसला, माझ्यासारखाच. शालननं त्याला सोडलं नाही. "ह्येच व्हय ते अंगठेवाले? या की अंगठेबहाद्दर, पट्टी तुमच्यावरच." त्यानं मुकाट्यानं डोळे बांधून घेतले. वाट कृष्णात दाखवणार होता.

खुर्च्या झाल्या. बादली झाली. दयानंद ओसरीवर आला, वारा लागताच थांबला आणि शिकवलेलं वाक्य अडखळत म्हणाला. पुढे पायरी आहे का?

सगळ्यांना माहीत होतं, पायरी आहे. कृष्णात तिच्यावरून पडला होता. त्याच्या हनुवटीवर खूण आहे. उत्तर एका शब्दाचं होतं.

"स्टॉप," कृष्णात म्हणाला. "वेट."

कोपरा सोडून तो ओसरीच्या कडेला गेला. दयानंदच्या पुढे वाकला आणि पायरीच्या दगडावर पालथा हात ठेवला. तिथेच थांबला. मग कोपऱ्यात परत जाऊन त्यानं उत्तर दिलं.